कॉम्प्युटर चार मिनिटांनीच का बंद पडतो?

गेल्या मे महिन्यात अकोल्याला गेलो, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या काकांनी कुंपणावरून हाक मारली. "पाहून दे बरं जरा. चालू होते, चार मिनटं चालते, अन् खटकन बंद पडते."

त्यांचा डेस्कटॉप दहा-बारा वर्षांचा. बाजारातल्या एका दुकानात तो दोनदा जाऊन आला होता. दोन्ही वेळा व्हायरस असल्याचं सांगून दुकानदाराने फॉरमॅट मारला, म्हणजे आतलं सगळं पुसून विंडोज नव्याने घातलं, दोन्ही वेळा दुकानात तो दोन-दोन तास नीट चालला आणि दोन्ही वेळा घरी आल्यावर पुन्हा तेच. त्या फॉरमॅटच्या नादात नातीच्या बारशाचे फोटो गेले. पैसे गेल्याचं काकांना फारसं काही नव्हतं, पण फोटोंबद्दल सांगताना ते मध्येच थांबले. हा लेख लिहायला बसलो तो त्यामुळेच. ज्या दुखण्याला फॉरमॅट हा उपायच नव्हता, त्यापायी ते फोटो गेले, आणि असं अनेक घरांत होत असणार.

मी आधी पेटी उघडलीच नाही. मोबाईलमधलं स्टॉपवॉच लावलं आणि बटण दाबलं. 4 मिनिटं 10 सेकंदांनी स्क्रीन काळी. लगेच पुन्हा चालू केला, तर 50 सेकंदांत बंद. पुन्हा लगेच, तर त्याहूनही लवकर. मग अर्धा तास तसाच राहू दिला, चहा झाला, गप्पा झाल्या. पुन्हा बटण दाबलं, तर परत चार मिनिटांच्या आसपास.

माझ्या दृष्टीने निदान जवळजवळ तिथेच झालं. प्रोग्रॅममधली चूक असो की व्हायरस, कॉम्प्युटर मधल्या वेळात किती वेळ विसावला होता हे सहसा त्याच्या हिशेबात नसतं. तो पहिल्यांदा चार मिनिटांनी घात करणार असेल, तर लगेच चालू केल्यावरही चार मिनिटांनीच करेल. विसाव्यानुसार कमी-जास्त होणारी गोष्ट या पेटीत मुख्यतः एकच, ती म्हणजे साठलेली उष्णता.

दहावीच्या पुस्तकातलं सूत्र आठवा. वस्तूला दिलेली उष्णता म्हणजे वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्माधारकता गुणिले तापमानातली वाढ. फोडणीची पळी गॅसवर धरली की काही सेकंदांत धूर काढते आणि त्याच आचेवर पातेलंभर पाणी तापायला दहा मिनिटं घेतं. आच तीच, फरक काय तापवायचंय याचा. म्हणून किती वेळात तापलं हे ठाऊक असेल, तर काय तापतंय हे उलट बाजूने काढता येतं. कॉम्प्युटर बंद पडायला लागलेला वेळ म्हणजे एक प्रकारचा वजनकाटाच.

काकांच्या डेस्कटॉपमध्ये होता तसा प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप, जोरात काम करताना साधारण 65 वॉट उष्णता टाकतो. जुन्या पिवळ्या 60 च्या बल्बएवढी. पण बल्बची काच मोठी असते, प्रोसेसरमधली सिलिकॉनची चकती जेमतेम दीड चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमागे 40 वॉटच्या वर. कपड्यांच्या 1000 वॉटच्या इस्त्रीचा तळ सुमारे 200 चौरस सेंटिमीटर धरला, तर तिथे हा आकडा फक्त 5 येतो. इस्त्रीच्या आठपट दाट उष्णता त्या नखाएवढ्या चकतीतून सतत बाहेर पडत असते. म्हणून तिच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा हीटसिंक बसवतात आणि त्यावर पंखा.

आता हीटसिंक 300 ग्रॅमचा धरू. ॲल्युमिनियमचा एक ग्रॅम एक अंशाने तापवायला 0.9 ज्यूल लागतात, म्हणजे अख्खा हीटसिंक एक अंशाने तापवायला 270 ज्यूल. अकोल्याच्या मे महिन्यात खोली 42 अंशांवर असते. तिथून 100 अंशांपर्यंत 58 अंश, म्हणजे 15,660 ज्यूल. 65 ने भागा. 241 सेकंद. चार मिनिटं!

हिशेब ढोबळ आहे, हे मान्य. काही उष्णता हवेत निसटते, त्यामुळे वेळ वाढतो. उलट प्रोसेसर हीटसिंकपेक्षा नेहमीच वीसेक अंश जास्त गरम असतो, त्यामुळे वेळ कमी होतो. पण उत्तर सेकंदांत येत नाही, तासांतही येत नाही, मिनिटांत येतं, आणि कामाची गोष्ट तीच. उष्णता हीटसिंकपर्यंत व्यवस्थित पोहोचत होती, तिथून पुढे मात्र जात नव्हती. लगेच चालू केल्यावर 50 सेकंद का? कारण हीटसिंक तापलेलाच होता, वर चढायला थोडेच अंश उरले होते. आणि दुकानात दोन तास का चालला? कारण दुकानात एसी होता. सुरुवातच 26 अंशांपासून झाली, शेवटी गाठलेलं तापमानही तेवढंच खाली राहिलं.

ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापमान गेलं की वीज तोडण्याचा निर्णय विंडोज घेत नाही. प्रोसेसर आणि मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसवलेले असतात ती मुख्य पाटी) आपसांत इशारा करून थेट पुरवठा तोडतात, विंडोजला शेवटचा शब्द बोलायलाही वेळ मिळत नाही. म्हणून अशा वेळी विंडोज कोसळताना दिसणारी निळी स्क्रीन येत नाही, कोड येत नाही, पंख्याचा आवाजसुद्धा त्याच क्षणी थांबतो. नंतर विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पाहिलं, तर 41 क्रमांकाची कर्नेल-पॉवरची नोंद सापडते आणि तिच्यात बगचेक कोड शून्य, म्हणजे बंद पडण्याचं कारण विंडोजला कळलंच नाही. वीज अचानक गेल्यावरही हीच नोंद पडते, तेव्हा एकट्या नोंदीवरून निदान करू नये. बरेच प्रोसेसर बंद पडण्याआधी स्वतःचा वेग कमी करून सावरायला बघतात, त्यामुळे तिथे आधी कॉम्प्युटर गोगलगायीसारखा चालतो.

दुसरी चाचणी तर फुकटची. चालू करताना डिलीट किंवा एफ-2 दाबून बायॉसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, स्क्रीनवर जायचं आणि तिथेच बसून राहायचं. तिथे विंडोज सुरूच झालेलं नसतं. काकांचा कॉम्प्युटर बायॉसमध्येही बंद पडला. प्रोसेसरच्या तापमानाचे 61, 68, 74 असे आकडे चढताना काकांनी डोळ्यांनी पाहिले. फॉरमॅटने हे कसं बरं झालं असतं?

पेटी उघडली. पंखा छान फिरत होता, आणि दुकानदाराची फसगत इथेच झाली असावी. फिरता पंखा पाहिला की थंडावा मिळतोय असं वाटतं. मी पंख्याचे चार स्क्रू काढून तो उचलला. खाली, पात्यांच्या तोंडावर, राखाडी रंगाचा एक सलग पापुद्रा होता. चिमटीत धरून ओढला, तर गोधडीच्या तुकड्यासारखा अख्खा निघाला. काकांचं घर जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, रस्त्यावर. हंगामात कापसाच्या गाड्या दारावरून जातात, रुईचे तंतू हवेत तरंगत असतात. पंखा ते आत ओढतो, पात्यांच्या फटीत ते अडकतात, त्यांच्यात धूळ अडकते, त्यावर उदबत्तीचा चिकट धूर बसतो. पंखा वरून हवा फुंकत होता आणि ती त्या पापुद्र्यावर आपटून बाजूला जात होती.

इथपर्यंत हवा वाहण्याची गोष्ट झाली. पण मला खरी आवड आहे ती प्रोसेसर आणि हीटसिंक जिथे एकमेकांना टेकतात त्या जागेची. दोन्ही पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली ते सह्याद्रीसारखे डोंगरदऱ्यांचे असतात. एकमेकांवर ठेवले की फक्त शिखरं टेकतात, दऱ्यांत हवा राहते. आणि हवेसारखा उष्णतेचा अडथळा दुसरा शोधावा लागेल. तांब्याची औष्णिक वाहकता, म्हणजे उष्णता वाहून नेण्याची क्षमता, 400 च्या आसपास, ॲल्युमिनियमची 200 च्या वर, हवेची 0.026. म्हणून त्या दऱ्या बुजवायला मध्ये थर्मल पेस्ट लावतात. तिची वाहकता साधारण 5 धरा. तांब्यापुढे ती काहीच नाही, पण हवेच्या जवळपास दोनशेपट आहे.

सिलिकॉनच्या चकतीवर धातूची एक टोपी असते आणि हीटसिंक तिच्यावर टेकतो. तिचं क्षेत्रफळ 9 चौरस सेंटिमीटर, मधला थर 0.1 मिलिमीटर, उष्णता 65 वॉट. तापमानातला फरक म्हणजे उष्णता गुणिले जाडी, भागिले वाहकता आणि क्षेत्रफळ. पेस्ट असेल तर फरक येतो दीड अंश. तेवढ्याच जाडीचा सलग हवेचा थर असेल तर 278 अंश! केसाच्या जाडीएवढी फट, आणि दीड अंशाचे पावणेतीनशे होतात. प्रत्यक्षात कुठे ना कुठे धातू टेकलेला असतो, म्हणून आकडा एवढा चढत नाही. पण हीटसिंकला घट्ट धरणाऱ्या चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांपैकी एक जरी निसटली तरी कॉम्प्युटर का मरतो, ते यावरून कळावं. घर बदलताना, ट्रॅव्हल्सच्या डिकीत हेलकावे खाल्ल्यावर अशी खुंटी सुटू शकते.

मग घड्याळही वेगळं चालतं. आता 300 ग्रॅमचा हीटसिंक तापत नाही, तापते फक्त ती वीसेक ग्रॅमची टोपी. तिला एक अंश चढवायला 8-9 ज्यूल पुरतात, म्हणजे सेकंदाला सातेक अंश. आठ-दहा सेकंदांत खेळ खल्लास, विंडोजचं चिन्हही दिसत नाही. आणि पडताळा हाताने घेता येतो. वीज काढून हीटसिंकला बोट लावा. तो चटका देण्याइतका गरम असेल, तर पेस्ट ठीक आहे, हवा अडली आहे. बायॉस 95 अंश दाखवतोय आणि हीटसिंक मात्र गार, तर मधला सांधा तुटला आहे. गार लागतोय म्हणून निश्चिंत होणारे लोक मी पाहिले आहेत, खरं तर तिथेच जास्त घाबरायला हवं.

पेस्टच्या जागी टूथपेस्ट लावा असं सांगणारे व्हिडिओ फिरतात. टूथपेस्टमध्ये पाणी असतं, म्हणून ती पहिले काही तास काम करते. पाणी उडालं की उरते ती खडूसारखी भुकटी आणि तिच्या फटींत पुन्हा हवा. खऱ्या पेस्टची छोटी ट्यूब फार महाग नाही, आणि एका वेळी तुरीच्या दाण्याएवढी पुरते.

याच्या बरोबर उलटं वागणारा आजारही आहे. सकाळी पहिल्यांदा चालू होताना दोन-तीनदा अडखळतो आणि एकदा तापला की दिवसभर चालतो. तिथे संशय कपॅसिटरवर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवणाऱ्या छोट्या डब्यांवर, घ्यावा. त्यातला द्रव वर्षानुवर्षं आटत जातो, विजेला होणारा विरोध वाढतो, आणि थंड असताना तो विरोध सर्वांत जास्त असतो. 1999 ते 2007 च्या सुमारास सदोष द्रवाचे असे कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांवर बसले होते. त्यांचा सपाट माथा पुरीसारखा फुगतो, नुसत्या डोळ्यांनी दिसतं. मदरबोर्डवरचे खुशाल पाहा, पण पॉवर सप्लायची पेटी उघडू नका. आपली 230 व्होल्टची वीज आत सव्वातीनशे व्होल्टपर्यंत साठवलेली असते आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहते.

कधी वीस सेकंदांनी, कधी दोन तासांनी, काहीच नियम नाही, असं असेल तर संशय रॅमवर, म्हणजे चालू काम तात्पुरतं साठवणाऱ्या मेमरीवर. स्लॉटमधून काढून सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या पुसून परत बसवायची ही आपल्याकडच्या कारागिरांची जुनी रीत आहे. दमट हवेत ती बऱ्याचदा उपयोगी पडते. त्यानेही भागलं नाही, तर मेमरी टेस्ट रात्रभर लावून ठेवावी.

मग सॉफ्टवेअरचा दोष कधीच नसतो का? असतो, आणि त्याचंही घड्याळ असतं. 19 जुलै 2024 ला भारतीय वेळेनुसार सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा-सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. सॉफ्टवेअर 21 वी नोंद शोधत होतं, पुरवल्या गेल्या होत्या 20. ते मेमरीतली भलतीच जागा वाचायला गेलं, आणि विंडोजच्या गाभ्यात बसून काम करत असल्यामुळे अख्खं विंडोज कोसळलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे 85 लाख कॉम्प्युटर. चालू करा, निळी स्क्रीन, पुन्हा चालू करा, पुन्हा निळी स्क्रीन. हैदराबाद विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. हे कॉम्प्युटर कितीही वेळ विसावले असते तरी त्याच टप्प्यावर कोसळले असते.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. दुरुस्त फाइल 78 मिनिटांतच आली होती, पण ती उतरवून घ्यायला कॉम्प्युटर चालू तर राहायला हवा! नेटवर्क जोडलं जाणं आणि कोसळणं यांच्यात काही क्षणांची फट होती. म्हणून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करा, असा सल्ला दिला गेला. मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडमधल्या काही ग्राहकांच्या बाबतीत पंधरा वेळांपर्यंतचा आकडा सांगितला. एखाद्या वेळी ती फाइल शर्यत जिंकायची आणि कॉम्प्युटर वाचायचा. बाकीच्यांसाठी सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अत्यावश्यक भागांनिशी विंडोज चालू करून, ती एक फाइल पुसायची होती. एवढ्या मोठ्या संकटातही दोषी फाइल पुसणं पुरेसं होतं, फॉरमॅट मारण्याची गरज नव्हती.

आपल्याकडे पूर्वी घरात विपरीत काही घडलं की भानामती म्हणत. आता व्हायरस म्हणतात. व्हायरस खरे असतात, नुकसानही करतात, पण कारण न शोधता त्यांचं नाव घेणं म्हणजे भानामतीच झाली. आणि "एका क्लिकमध्ये पीसी वेगवान" म्हणणारी सॉफ्टवेअरं म्हणजे तिच्यावरचा गंडादोरा. त्यातलं एकही हीटसिंकमधला रुईचा पापुद्रा काढू शकत नाही. खंडेनवमीला कॉम्प्युटरला हळद-कुंकू वाहतात, ते जरूर वाहा. फक्त पंख्याच्या जाळीवर वाहू नका, तो ते सगळं आत ओढतो.

काकांचं काम पाऊण तासात झालं. पात्यांमधून रंगाच्या ब्रशने धूळ काढली, पंखा बोटाने धरून ब्लोअर मारला, कारण ब्लोअरने पातं भलत्या वेगाने फिरलं तर बेअरिंग जातं. जुनी पेस्ट वाळून पापडी झाली होती, ती पुसून नवी लावली. बायॉस उघडून बसलो. आकडा 49 वरून 57 वर गेला आणि तिथेच थांबला. चार मिनिटं झाली, दहा झाली. काका खुर्ची ओढून आकड्याकडे बघत बसले होते, अर्धा तास.

यंदा होळीला त्यांचा फोन आला. हंगाम आटोपला होता, म्हणून त्यांनी स्वतःच पंखा उघडून पापुद्रा काढला होता. या वेळी तो निम्माच जाड निघाला म्हणाले.