वाय-फाय बसवून झालं, पुढे काय? घर, दुकान आणि दवाखान्यासाठी माहितीपत्रक

नमस्कार.

आमचा माणूस राउटर बसवतो, तुमच्या मोबाइलवर नेट लावून दाखवतो, चहा घेतो आणि निघतो. आठवड्याभरात फोन सुरू होतात. मागच्या खोलीत रेंज का नाही, पाहुण्यांना पासवर्ड द्यायचा का, शेजारचा मुलगा आपलं नेट वापरतोय का. चिपळूण आणि आसपासच्या वाड्यांमध्ये जोडण्या देताना हे प्रश्न इतक्यांदा ऐकलेत, की आता लिहूनच दिलेलं बरं.

राउटर कुठे ठेवायचा

वायरवाल्याने जिथून भोक पाडलं तिथेच राउटर राहतो. म्हणजे ओटीवर चपलांच्या स्टँडशेजारी, नाहीतर टीव्हीच्या मागे कोंबलेला. दोन्ही जागा वाईट. आपल्याकडची जुनी घरं चिऱ्याची, आणि जांभ्याची जाड भिंत वाय-फायला चांगलीच अडवते. स्लॅबच्या घरात हे काम लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि फ्रिज करतात.

राउटरवर दोन नावं दिसतात, त्यांतल्या एकापुढे ५जी लिहिलेलं असतं. त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही, ते ५ गिगाहर्ट्झ. वेग भरपूर, पण भिंत आली की दम तोडतं. दुसरं २.४ गिगाहर्ट्झ. ते लांब पोचतं, पण हळू चालतं, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे त्याच पट्ट्यात गर्दी करतात. समोर बसून सिनेमा बघायचा तर ५, मागच्या पडवीत फोन लावायचा तर २.४. राउटर घराच्या मध्याला, डोक्याच्या उंचीवर आणि मोकळ्या हवेत ठेवा. माजघराच्या दारावरची जागा बहुतेक घरांत उत्तम ठरते.

तरीही रेंज पुरली नाही तर स्वस्तातला रिपीटर आणून लावू नका. तो एकच वाक्य आधी ऐकतो, मग पुन्हा बोलतो, आणि दोन्ही एकाच पट्ट्यावर चाललं तर वेग साधारण निम्म्यावर येतो. त्यापेक्षा कॅट-६ची केबल ओढून दुसऱ्या टोकाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून नेट घेऊन तिथे वाय-फाय देणारा डबा लावा. एका केबलला १०० मीटरची मर्यादा असते. तेवढ्यात घर, मागचं न्हाणीघर आणि गडीमाणसांची खोली आरामात बसते.

बाजारपेठेतल्या दुकानदारांना वेगळं सांगायला नको. २२ जुलै २०२१च्या पुरात तळमजल्यावरचं सगळं पाण्याखाली गेलं. राउटर आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) आम्ही पोटमाळ्यावर बसवतो. ‘हाताला लागेल असा खाली ठेवा’ म्हणालात तर आम्ही हुज्जत घालू.

पासवर्ड दोन असतात

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. एक पासवर्ड वाय-फायला जोडण्याचा, तो सगळ्यांना ठाऊक असतो. दुसरा खुद्द राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा, आणि त्याची आठवण कुणालाच नसते. पहिला म्हणजे घराच्या दाराची किल्ली, दुसरा म्हणजे कुलूपच बदलण्याचा अधिकार. दुसरा बदललेला नसेल, तर तुमच्या वाय-फायवर आलेला कोणीही ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकून (आकडे इंग्रजीत) आत शिरतो, ॲडमिन-ॲडमिन मारतो आणि तुम्हालाच बाहेर काढू शकतो. त्याहून वाईट म्हणजे डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेटिंग) बदलून तो तुमचा ब्राउझर भलत्याच साइटवर वळवू शकतो.

कॅमेऱ्यांचंही तेच. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यात काही अचाट अक्कल नव्हती. कारखान्यातून येणारे साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्ड तो एकेक करून लावून बघायचा, आणि तेवढ्यावर भागायचं. म्हणून जोडणी देताना राउटर आणि डीव्हीआर दोघांचाही मूळ पासवर्ड आम्ही तुमच्यासमोर, तुमच्याच हाताने बदलून घेतो. त्या वेळी ‘राहू दे, नंतर बघू’ म्हणू नका.

आता पहिला पासवर्ड. दहातल्या सहा-सात घरांत तो मोबाइल नंबर असतो. हे का वाईट? तुमचा फोन वाय-फायला जोडताना राउटरशी जी देवघेव होते, ती रस्त्यावरच्या गाडीत बसूनही टिपता येते. मग घरी जाऊन, तुमच्या राउटरला हातही न लावता, एकेक पासवर्ड ताडून बघता येतो. भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. ऐकायला प्रचंड वाटतं, पण चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक काही तासांत तेवढ्या तपासून मोकळा होतो. आणि तुमचा नंबर दुकानाच्या पाटीवरच असेल तर तेवढाही वेळ लागत नाही.

एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द घ्या आणि इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. फणस, एसटी, पुरवणी, तिरफळ असे काहीतरी. (हेच चार घेऊ नका, हे पत्रक सगळ्या गावात वाटलंय.) लक्षात राहतं, आजीलाही सांगता येतं, आणि फोडणं अवघड. कमीत कमी ८ अक्षरं लागतात, ६३ पर्यंत चालतात, वीसच्या आसपास असू द्या.

सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए३ दिसत असेल तर ते, नाहीतर डब्ल्यूपीए२. जुन्या एखाद्या राउटरवर अजून डब्ल्यूईपी असतं. ते २००१ सालीच फुटलेलं आहे, असा राउटर भंगारात द्या. डब्ल्यूपीएस नावाची, पासवर्डऐवजी पिन किंवा बटणाने जोडण्याची सोय मात्र बंद करा. तिचा पिन ८ आकडी असला तरी राउटर आधी पहिले चार आकडे वेगळे तपासून बरोबर की चूक सांगतो, उरलेल्यांपैकी शेवटचा तर आधीच्या आकड्यांवरूनच निघतो. म्हणजे दहा कोटींच्या जागी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न. ही खोट २०११ मध्ये जाहीर झाली, तरी ही सोय चालू असलेले राउटर आम्हाला आजही भेटतात.

वाय-फायचं नाव लपवणं किंवा ठरावीक मोबाइलनाच परवानगी देणं, हे दोन उपाय यूट्यूब बघून बरेच जण करतात. नाव लपवलं तरी साध्या ॲपला ते सापडतं. आणि हल्लीचे फोन मुद्दामच बदलता ओळख-क्रमांक दाखवतात, त्यामुळे अडकतो तो घरचाच माणूस. नावात आडनाव आणि फ्लॅट नंबर घालू नका, एवढं केलंत तरी पुरे.

पाहुणे, पेशंट आणि प्रिंटर

एका दवाखान्यात वाय-फायचा पासवर्ड वेटिंग रूमच्या भिंतीवर चिकटवलेला होता. बिलिंगचा संगणक, पेशंटच्या फाइली आणि प्रिंटर त्याच नेटवर्कवर. एका दुपारी प्रिंटरमधून सत्यनारायणाच्या पूजेचं सामान छापून यायला लागलं, बाहेर बसलेल्या कुणाच्या तरी फोनवरून. सगळे हसले. डॉक्टरांनी मात्र आम्हाला फोन केला, कारण प्रिंटरपर्यंत जो पोचतो तो फाइलींपर्यंतही पोचू शकतो, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं.

यावर गेस्ट नेटवर्क हा उपाय. नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. त्यावरच्या माणसाला नेट मिळतं, पण तुमचा संगणक आणि प्रिंटर दिसत नाहीत. पाहुणे, गिऱ्हाईक आणि स्मार्ट बल्ब तिकडेच टाका. टीव्हीही टाकता येतो, फक्त मग मुख्य नेटवर्कवरच्या फोनमधून टीव्हीवर व्हिडिओ पाठवता येत नाही. गणपतीत घर भरतं तेव्हा गेस्टचा पासवर्ड द्या आणि विसर्जनानंतर बदला. फोनवरून वाय-फायचा क्यूआर दाखवता ना, त्यात पासवर्ड उघड लिहिलेला असतो. एकदा स्कॅन झाला की तो पुढे कुठे जाईल याचा नेम नाही.

‘कुणी चार मिनिटं वापरलं तर काय बिघडतं?’ असं विचारणाऱ्यांना आम्ही सानपाड्याची गोष्ट सांगतो. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल गेला होता. त्याच्या आयपी पत्त्यावरून (नेटच्या जोडणीचा क्रमांक) पोलीस पोचले ते नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथे राहणाऱ्याचं वाय-फाय दुसऱ्यांनीच वापरलं होतं.

बंद पडलं तर

राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करा. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा असेल तर बहुतेक वायर तुटलेली आहे. तिथे तुमच्या हातात काही नाही, आम्हाला कळवा. पाठीमागच्या छोट्या भोकात टाचणी घालून रीसेट मात्र करू नका. त्याने पासवर्डच नाही, कंपनीचं लॉगिनही पुसलं जातं आणि होतं तेवढंही नेट जातं.

मेच्या अखेरीस आणि परतीच्या पावसात वीज कडाडायला लागली की आधी ॲडॅप्टर प्लगातून काढा. फायबरमधून वीज येत नाही, पण ॲडॅप्टरमधून येते.

आमच्याकडून फोनवर ओटीपी कधीच मागितला जात नाही, की स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं जात नाही. तसं कुणी सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

दोन्ही पासवर्ड लिहिलेला बंद लिफाफा जोडणीच्या दिवशी तुमच्या हातात देतो. त्याची प्रत आमच्याकडे नसते. लाइटबिलाच्या फाइलीत ठेवा आणि कुठे ठेवलाय ते घरातल्या आणखी एकाला सांगा. हरवला तर राउटर रीसेट करून सगळं पहिल्यापासून करावं लागतं, आणि त्या फेरीचे पैसे वेगळे पडतात.