परवाना न लागणारी वॉकी-टॉकी आणि हॅमचा हँडसेट: पुराआधी फरक समजून घ्या

दोन्ही सेट शेजारी शेजारी ठेवले तर फरक चटकन कळत नाही. मुठीत मावणारा काळा सेट, वर अँटेना, बाजूला बोलायचं बटण. पण यातला एक, परवानामुक्त, घरातल्या कुणीही आणल्या दिवसापासून वापरावा आणि दुसऱ्याचं, म्हणजे हॅमच्या (हौशी रेडिओचालकाच्या) सेटचं, बटण परीक्षा देऊन परवाना हातात पडल्याशिवाय दाबू नये. ऑनलाइन विक्रीच्या यादीत मात्र दोघांवर ‘वॉकी-टॉकी’ एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून हा गोंधळ.

कोल्हापुरात हा प्रश्न हौसेचा नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, चिखली-आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यापर्यंत गावं पाण्यानं वेढली. अशा वेळी वीज गेली की मोबाइल टॉवर बॅटरीवर आणि जनरेटरवर तग धरतो. डिझेल पोचवायला रस्ताच उरला नाही की तोही गप्प. रेडिओ सेटला मात्र मध्ये टॉवर लागत नाही. एका सेटवरून निघालेली लहर थेट दुसऱ्या सेटवर पोचते.

आधी बिनपरवान्याचा सेट. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा छोटा पट्टा कमी ताकदीच्या वॉकी-टॉकीसाठी परवानामुक्त आहे. सेटची ताकद साधारण अर्धा वॅट. घेताना दोनच गोष्टी विचारा: सेट फक्त याच पट्ट्यात चालतो का, आणि त्याला दूरसंचार खात्याची ईटीए, म्हणजे उपकरणाची मान्यता आहे का. विक्रेत्याला ही उत्तरं देता येत नसतील तर तो सेट घेऊ नका. पाच वॅटचा, हवी ती फ्रिक्वेन्सी भरता येणारा स्वस्त सेट ‘लायसन्सची गरज नाही’ म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर ते खोटं आहे. शिवाय असा सेट चुकून पोलीस किंवा अग्निशमन दलाच्या वाहिनीवर बोलू लागला, तर ऐन पुरात मदतीचंच काम अडेल.

खोक्यावर छापलेल्या किलोमीटरवर मात्र अजिबात विसंबू नका. या लहरी बहुतांशी नजरेच्या रेषेत जातात. सपाट मोकळ्या शिवारात दोन माणसं समोरासमोर उभी राहिली तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे नऊ-दहा किलोमीटरांवर रेडिओची नजर संपते. शाहूपुरीसारख्या दाट वस्तीत अर्ध्या वॅटचा सेट एक-दोन किलोमीटर गेला तरी पुष्कळ, आणि पावसानं निथळणारा उभा ऊस मध्ये आला तर आवाज आणखी लवकर विरतो. तोच माणूस चार मजली इमारतीच्या गच्चीवर चढला की चित्र पालटतं, कारण उंचीमुळे क्षितिजच लांब जातं. ताकद दहापट केली तर मोकळ्यावर अंतर जेमतेम तिप्पट वाढतं, तेही क्षितिज आडवं येईपर्यंतच. म्हणून जास्त वॅटसाठी पैसे घालण्याआधी गच्चीचा जिना चढून बघा.

आता हॅमचा सेट. हॅम म्हणजे हौशी रेडिओचालक. त्याच्याकडे दूरसंचार खात्याचा परवाना असतो आणि ‘व्हीयू’नं सुरू होणारी स्वतःची हाक, म्हणजे ओळखीची कॉल साइन, असते. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षेला बसता येतं. रेडिओचं तंत्र आणि नियम, एवढाच अभ्यास. मोर्स, म्हणजे टिंब-रेघांचे, संकेत फक्त वरच्या श्रेणीसाठी लागतात. हॅमचे हँडसेट मुख्यतः १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झवर बोलतात. ताकद बहुधा पाच वॅट. अँटेना काढून बाहेर उंचावर लावता येते. आणि सगळ्यात मोठा फायदा रिपीटरचा: डोंगरावर बसवलेला सेट खालून आलेला आवाज पकडतो आणि दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा सोडतो. रिपीटर चालू आणि आवाक्यात असेल तर हातातला सेट तालुका ओलांडून ऐकू जातो.

पण हा परवाना माणसाला मिळतो, घराला किंवा मंडळाला नाही. वडील हॅम आहेत म्हणून मुलानं त्यांचा सेट उचलून एकट्यानं बोलावं असं चालत नाही. धंद्याचं बोलणंही चालत नाही.

हॅमबद्दलची एक गैरसमजूत दूर करणं मला फार महत्त्वाचं वाटतं: हॅमचा कुठलाही सेट हजार किलोमीटर पोचतो, ही. डिसेंबर २००४ च्या सुनामीत पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद यांनी हॅम रेडिओवरून मुख्य भूमीशी संपर्क ठेवला, हे खरं आहे आणि अभिमानाचं आहे. पण ते काम एचएफ, म्हणजे शॉर्टवेव्ह, पट्ट्यावरच्या मोठ्या सेटचं आणि लांब तारेच्या अँटेनाचं. त्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परततात म्हणून हजार किलोमीटर जातात. मुठीतल्या सेटकडून ती अपेक्षा ठेवली तर ऐन वेळी घात होईल.

आणखी एक: हे दोन सेट नियमात राहून एकमेकांशी बोलूच शकत नाहीत, कारण पट्टे वेगळे. मंडळानं परवानामुक्त सेट घेतले आणि एकानं ‘चांगला’ म्हणून हॅमचा आणला, तर तो एकटा पडतो.

माझं मत स्पष्ट आहे. गल्लीला, वाडीला, तालमीला परवानामुक्त सेटच घ्यावेत, सगळे एकाच प्रकारचे. ‘या गच्चीवर सातजण आहेत, एक बाळंतीण आहे, होडी आधी इकडे पाठवा’ हा निरोप दोन गल्ल्या पलीकडे पोचवायला तेवढं पुरतं. आणि गावातल्या एक-दोघांनी, शक्यतो कॉलेजातल्या मुलामुलींनी, हॅमची परीक्षा द्यावी. गावाबाहेरचा दुवा तेच होऊ शकतात. मोबाइल चालू असेल तोवर मदतीसाठी ११२ किंवा जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हेच नंबर आधी लावायचे.

वापराचे नियम दोन्हीकडे जवळपास सारखे. अँटेना उभी धरा. बटण दाबा, सेकंदभर थांबा, मग बोला. सुरुवातीलाच बोललात तर पहिला शब्द गिळला जातो आणि नेमकं गावाचं नाव जातं. कोण, कुठून, किती माणसं, काय हवं, एवढं सांगून बटण सोडा. सेटवर ‘प्रायव्हसी कोड’ असला तरी बोलणं गुप्त राहत नाही. तो कोड फक्त इतरांचा आवाज तुमच्या कानावर येऊ देत नाही. त्यामुळे घर रिकामं असल्याची बातमी, पैसा-दागिना यांचा उल्लेख सेटवर नको.

बॅटरी वाचवायची तर दर तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांनी सेट चालू करायचा, असं आधीच ठरवा. पेन्सिल सेलवरही चालणारा किंवा पॉवर बँकेवर चार्ज होणारा सेट पुरात जास्त कामाचा. आयपी-६७ लिहिलेला सेट एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. तसा नसेल तर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, पिशवीतूनही बोलता येतं.

मृग निघायच्या आधी एका रविवारी सगळे सेट चार्ज करून प्रत्येकाला आपापल्या घरी पाठवा, तिथून एकेकाला हाक मारा, आणि कुणाचा आवाज कुठल्या गच्चीवरून येतो आणि कुठून येत नाही हे कागदावर लिहून तालमीच्या भिंतीवर लावा.