तीन गुणिले तीन जास्त की पाच गुणिले एक? कारखान्यातल्या धोक्यांना नंबर देताना काय चुकतं

कुठल्याही मोठ्या केमिकल प्लांटमध्ये धोक्यांची यादी करायला बसलं तर पानंच्या पानं भरतात. तेलकट जिना, गार्ड नसलेलं कपलिंग, उंचावरचं काम, बंद टाकीत उतरून करायची सफाई, क्लोरीनची लाईन, कन्व्हेयरखाली साचलेली बारीक धूळ जी हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. सगळं आजच दुरुस्त होणार नसतं, माणसं आणि पैसा दोन्ही मोजकेच असतात, म्हणून आधी कशाला हात घालायचा हे ठरवावंच लागतं. आणि ते ठरवायची जी पद्धत जवळजवळ सगळीकडे वापरतात ती इतकी सोपी आहे की तिच्यातली गडबड पटकन दिसत नाही.

पद्धत म्हणजे रिस्क मॅट्रिक्स. एका बाजूला परिणाम किती गंभीर, 1 ते 5. दुसऱ्या बाजूला असं घडायची शक्यता किती, 1 ते 5. दोन्हींचा गुणाकार करायचा, मोठा नंबर आला तर चौकोन लाल, मधला पिवळा, छोटा हिरवा. मीटिंगमध्ये सगळ्यांना पटकन कळतं, म्हणून ती टिकलीये आणि वादावादी थांबवायला खरंच उपयोगी आहे.

आता तीन गोष्टी घ्या. जिन्यावरून पाय घसरणं: सारखं घडतं म्हणून शक्यता 5, परिणाम किरकोळ म्हणून 1, गुणाकार 5. मशीनमध्ये बोट अडकून तुटणं: 3 आणि 3, गुणाकार 9. रिअ‍ॅक्टर (केमिकल प्रक्रिया होते ती बंद टाकी) फुटून अनेक माणसं जाणं: परिणाम 5, शक्यता 1, गुणाकार पुन्हा 5. म्हणजे रिअ‍ॅक्टर आणि जिना एकाच हिरव्या चौकोनात, आणि बोटाची दुखापत दोघांच्या वर.

असं का होतं? कारण हे आकडे माप नाहीत, पायऱ्या आहेत. बऱ्याच ठिकाणी शक्यतेची प्रत्येक पायरी दहापटीची असते, वर्षातून एकदा, दहा वर्षांत एकदा, शंभर वर्षांत एकदा असं, आणि परिणामाच्या पायऱ्याही साधारण तशाच चढत जातात. दहापटीच्या पायऱ्यांवरची दोन मापं गुणायची असतील तर पायऱ्यांच्या नंबरांची बेरीज करावी लागते, गुणाकार नाही. बेरीज करून बघा, तिन्ही गोष्टी 6 वर येतात. गुणाकाराने मधल्या गोष्टी फुगतात आणि क्वचित घडणाऱ्या पण भयानक गोष्टी गुपचूप खाली जातात, कुणी मुद्दाम न करता. बेरीज केली तरी रिअ‍ॅक्टर आणि जिना बरोबरीत येतात म्हणा, पण पाय मुरगळला तर माणूस परत कामावर येतो, रिअ‍ॅक्टर फुटला तर परत येण्यासारखं काही उरत नाही, म्हणून माझं मत स्पष्ट आहे की परिणाम 5 असलेल्या गोष्टींची यादी वेगळीच ठेवावी, नंबर कितीही छोटा असो.

हा हिशोब नुसता कागदावरचा नाही. 23 मार्च 2005 ला अमेरिकेत टेक्सास सिटीच्या बीपी रिफायनरीत स्फोट होऊन 15 जण गेले आणि 180 च्या आसपास जखमी झाले. त्याआधी तिथले दुखापतींचे आकडे सुधारत होते, म्हणजे घसरणं-पडणं-कापणं कमी होत होतं, आणि तेच आकडे बघून सेफ्टी बरी चाललीये असं समजलं जात होतं. प्लांट सुरू करताना एक उंच टॉवर गरजेपेक्षा खूप जास्त भरत गेला, लेव्हल दाखवणारं उपकरण मात्र लेव्हल उतरतीये असं दाखवत राहिलं आणि वरच्या लेव्हलचा दुसरा, जादाचा अलार्म वाजलाच नाही. गेलेले सगळे जण जवळच ठेवलेल्या ट्रेलर ऑफिसात किंवा त्याच्या आसपास होते, आणि त्या कामासाठी त्यांनी तिथे असण्याची काही गरज नव्हती. घसरून पडण्याचे आकडे टॉवर भरून वाहण्याबद्दल काहीच सांगत नाहीत, दोन्हींची कारणं वेगळी, उपाय वेगळे.

मग क्वचित घडणाऱ्या गोष्टीची शक्यता काढायची कशी, ती तर त्या प्लांटमध्ये कधी घडलेलीच नसते. इथे संरक्षणाचे थर मोजतात. समजा टाकीतली पातळी राखणारा लेव्हल कंट्रोल दहा वर्षांत एकदा फेल होतो. मग अलार्म वाजून ऑपरेटर धावतो, तो दहातून एकदा चुकेल असं धरतात. त्यानंतर दाब वाढला की आपोआप उघडणारा रिलीफ वॉल्व्ह, तो शंभरातून एकदा उघडणार नाही. तिन्ही गुणले की दहा हजार वर्षांत एकदा. ऐकायला छान वाटतं, पण हा गुणाकार फक्त थर एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच खरा. कंट्रोल आणि अलार्म दोघेही एकाच ट्रान्समीटरवरून (लेव्हल मोजून पुढे कळवणारं उपकरण) लेव्हल वाचत असतील तर तो बिघडला की दोन्ही एकदम आंधळे, आणि दहा हजाराचं हजार होतं. एका उपकरणामुळे दहापट फरक!

आणि थर कागदावर आहे म्हणजे प्लांटमध्ये चालू आहे असं नसतं. भोपाळला 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री हेच झालं. मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी गेलं, ती तापली आणि गॅस सुटला. टाकी थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन काही महिन्यांपासून बंद होतं. गॅस जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर दुरुस्तीमुळे बंद. गॅस धुणारा स्क्रबर स्टँडबायवर. पाण्याचे फवारे होते पण गॅस जिथून निघत होता तितक्या उंचीवर पोचत नव्हते. थर मोजायला बसलं असतं तर चार, त्या रात्री कामाचा एकही नाही. हजारो माणसं गेली, आणि त्याहून कितीतरी जास्त लोक आयुष्यभर भोगतायत.

भोपाळच्या त्या टाकीत सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट होतं. हे केमिकल विकायचा माल नव्हता, कीटकनाशक बनवताना मधे लागणारा पदार्थ होता. लागेल तेवढंच बनवून लगेच वापरलं तर इतका साठा लागतच नाही, म्हणून धोक्यांना क्रम लावताना पहिला प्रश्न 'हे इथे असायलाच हवं का' हा असावा, कुठला इंटरलॉक (धोका दिसला की आपोआप काम थांबवणारी यंत्रणा) लावू हा नंतर. न साठवलेली गोष्ट गळत नाही, हे ब्रिटनच्या आयसीआय कंपनीतले सेफ्टी इंजिनिअर ट्रेवर क्लेट्झ वर्षानुवर्षं सांगत राहिले.

आणखी एक गोष्ट, रँकिंग शिळं होतं. 1974 मध्ये इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या केमिकल कारखान्यात सहापैकी पाचव्या रिअ‍ॅक्टरला चीर गेली म्हणून तो काढला आणि चौथा-सहावा एका तात्पुरत्या पाईपने जोडले, त्या पाईपचं नीट डिझाइन कुणी केलंच नाही. 1 जूनला तो निसटला, 28 जण गेले. त्याआधी केलेली कुठलीही यादी त्या पाईपला ओळखत नव्हती. तात्पुरता पाईप, बायपास केलेला इंटरलॉक, लांबवलेली टेस्ट, यातलं काही झालं की त्याच शिफ्टला त्या धोक्याचा नंबर वर गेला पाहिजे, पुढच्या वर्षीच्या रिव्ह्यूची वाट न बघता.