सेगफॉल्ट म्हणजे क्रॅशच असं नाही: मेमरीवर पाळत ठेवायची जुनी युक्ती

परवा फोंड्यात पावसामुळे लाईट गेलेली, आम्ही तिघं लॅपटॉपच्या बॅटरीवर एकच बग शोधत बसलेलो, एका अ‍ॅरेत कोणीतरी मधेच कचरा लिहीत होतं आणि कोण ते सापडेना. शेवटी एमप्रोटेक्टने (मेमरीच्या परवानग्या बदलणारा सिस्टिम कॉल) ते पेज, म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा, बंद केलं, सिगसेगव्हीला (मनाई असलेल्या मेमरीला हात लावला की येणारा सिग्नल, हाच सेगफॉल्ट) हँडलर, म्हणजे सिग्नल आला की चालणारं आपलं फंक्शन, लावला, आणि पाच मिनिटांत ती लाईन हातात. पोरांना वाटलं ही नवी काहीतरी युक्ती आहे, पण तिची मुळं खूप मागे जातात.

१९६२ चा मँचेस्टरचा अ‍ॅटलस कॉम्प्युटर घ्या. हवं ते पेज मेमरीत नसलं की हार्डवेअर प्रोग्राम थांबवायचं, पेज आणलं जायचं, आणि प्रोग्राम पुढे चालू. म्हणजे फॉल्ट ही नुसती खबर होती.

हीच खबर प्रोग्रामने स्वतः वापरायची हे युनिक्सच्या बॉर्न शेलने (कमांड चालवणारा प्रोग्राम) १९७९ मध्ये केलं. मेमरी संपली की सिगसेगव्ही यायचा, हँडलर एसबीआरकेने (सिस्टिमकडून जादा मेमरी मागणारा कॉल) जागा वाढवायचा आणि परत यायचा, मग अडलेली इन्स्ट्रक्शन पुन्हा चालायची. मला हा किस्सा सगळ्यात आवडतो, कारण मोटोरोला ६८००० या प्रोसेसरवर नेमकं हेच फसलं, फॉल्ट झाल्यावर इन्स्ट्रक्शन पुन्हा सुरू करायला लागणारी माहिती तो चिप ठेवतच नव्हता! ६८०१० मध्ये ते सुधारलं. पकडणं सोपं, जिथे अडलं तिथून पुढे जाता येणं हेच खरं काम.

पुढे १९८७ मध्ये ब्रूस पेरेन्सने इलेक्ट्रिक फेन्स हे बग शोधायचं टूल लिहिलं, मॅलॉकने मागून घेतलेल्या मेमरीच्या तुकड्याला चिकटून एक बंद पेज ठेवायचं, त्या पेजात एक बाइट जरी घुसलात तरी तिथेच पकडले जाता. १९९१ मध्ये अ‍ॅपेल आणि ली यांनी पेपरमध्ये दाखवलं की गार्बेज कलेक्शन (नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणं), चेकपॉइंट (प्रोग्रामची चालू स्थिती जपून ठेवणं), सगळं या एकाच फॉल्टवर उभं राहू शकतं.

आता फॉल्ट वाचल्यामुळे आला की लिहिल्यामुळे हे कसं कळतं? पत्ता हँडलरला मिळणाऱ्या माहितीतल्या एसआय-अ‍ॅडर या खान्यात मिळतो, आणि एक्स८६ वर (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) लिनक्समध्ये प्रोसेसरने दिलेल्या एरर कोडचा २ किमतीचा बिट लागलेला असला तर लिहिलंय, नाहीतर वाचलंय. मग पेज उघडायचं, ट्रॅप फ्लॅगने (दर इन्स्ट्रक्शननंतर थांबवणारा प्रोसेसरचा बिट) एकच इन्स्ट्रक्शन चालवायची आणि ती झाल्याचा सिगट्रॅप सिग्नल आला की पेज परत बंद.

अडचण एकच, पहारा ४०९६ बाइटच्या अख्ख्या पेजवर बसतो, म्हणजे एका घरात कोण येतं ते बघायला पूर्ण वाड्याची वाट अडवायची. आमचंही तेच झालं, शेजारच्या काउंटरमुळे हँडलर सारखा वाजत होता, अ‍ॅरेला स्वतःचं वेगळं पेज दिलं तेव्हाच शांत झाला.