जॉबरच्या डोक्यातलं बाहेर कसं काढायचं

सोलापुरात पावरलूमच्या कारखान्यातला जुना जॉबर, म्हणजे लूम जुळवून चालू ठेवणारा कारागीर, काम सोडून घरी बसला की मालकाला टेन्शन येतं, कारण लूम तेच, सूत तेच, चादरीचं डिझाईन पण तेच आणि तरी नवीन पोराच्या हातात मशीन सारखं बंद पडायला लागतं. जायच्या आधी या जॉबरला, म्हणजे मास्तरांना, विचारलेलं असतं की तुम्ही नेमकं काय करता ते पोराला सांगा. मास्तर म्हणतात, "त्यात काय सांगायचं, आवाज ऐकला की कळतंय की." ते काही लपवत नसतात बरं का, त्यांना खरंच तेवढंच सांगता येतं.

गॅरी क्लाईन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात फायर ब्रिगेडच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. त्यातला एक किस्सा फार गाजला. एका घरात किचनच्या बाजूला आग लागलेली, टीम आत शिरून पाणी मारतीय पण आग काही कमी होईना, आणि अधिकाऱ्याला एकदम वाटलं की काहीतरी चुकतंय. सगळ्यांना बाहेर काढलं आणि थोड्याच वेळात ते उभे होते ती जमीनच खाली कोसळली. खरी आग खाली तळघरात होती! अधिकाऱ्याचं म्हणणं, मला सिक्स्थ सेन्स आहे. क्लाईनने मात्र तो प्रसंग खोदून खोदून विचारला तेव्हा कळलं की खोली एवढ्याशा आगीच्या मानाने खूप गरम होती आणि आवाज मात्र फार कमी होता, कारण मधली जमीन आवाज दाबत होती. म्हणजे दोन साध्या खुणा त्याने टिपल्या होत्या, फक्त त्या टिपल्यात हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

यातूनच विचारायची एक पद्धत तयार झाली. "तुम्ही काम कसं करता" असं विचारायचंच नाही, त्याचं उत्तर पुस्तकी येतं. एक अवघड प्रसंग घ्यायचा आणि त्यातून परत परत जायचं: तेव्हा काय दिसलं, काय ऐकू आलं, पुढं काय होईल असं वाटलं, तुमच्या जागी नवीन माणूस असता तर कुठं फसला असता. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात भारी वाटतो. याच पद्धतीने बेथ क्रँडल यांनी कमी दिवसांच्या बाळांच्या आयसीयूतल्या नर्सना विचारलं. बाळाला इन्फेक्शन होतंय हे त्यांना टेस्टचा रिपोर्ट यायच्या आधीच कळायचं, आणि त्यांनी सांगितलेल्या काही खुणा तेव्हाच्या वैद्यकीय पुस्तकात नव्हत्याच.

आता हेच लूमवर आणा. एप्रिलमध्ये ताण्याचे (लूमवर लांबीत ताणलेले) धागे सारखे तुटायला लागले की नवीन पोरगं पाना घेऊन मशीनला भिडतं. अनुभवी माणूस आधी हवा बघतो, कारण कोरड्या हवेत सुती धागा कमजोर होतो आणि सोलापूरचा उन्हाळा तर माहितीच आहे सगळ्यांना. शेडमध्ये दमटपणा वाढवला की बऱ्याचदा काम भागतं. मास्तर ही गोष्ट आपणहून कधीच सांगणार नाहीत, त्यांना ती सांगण्यासारखी वाटतच नाही.

माहिती मिळाली तरी नुसती ऐकवून फायदा कमी. न्यूयॉर्क फायर ब्रिगेडमधल्या नील हिन्झ यांनी यावर एक युक्ती काढली, पुढं क्लाईनने ती वाढवली, तिला शॅडोबॉक्स म्हणतात. प्रसंग अर्ध्यात थांबवायचा, शिकणाऱ्याने आधी स्वतःचा निर्णय आणि त्याचं कारण लिहायचं, मग त्याच जागी तज्ज्ञांनी काय ठरवलं आणि का ठरवलं ते दाखवायचं. दोन्हीतला फरक डोळ्यासमोर आला की डोक्यात बसतो. तज्ज्ञाने समोर हजर असायची पण गरज नाही.

नेमकी खूण कळली की वेळ किती वाचतो याचं उदाहरण म्हणजे कोंबडीची एक दिवसाची पिल्लं. नर का मादी हे ओळखायला वर्षानुवर्षं सराव लागतो असं समजत. 1987 मध्ये बिडरमन आणि शिफ्रार या संशोधकांनी कुठं बघायचं आणि कोणता आकार शोधायचा एवढंच थोडक्यात लिहून दिलं, आणि कधीच न बघितलेल्या लोकांचे फोटोवरचे अंदाज 60 टक्क्यांच्या आसपास होते ते 84 टक्क्यांपर्यंत बरोबर यायला लागले.

हात बसायला मात्र वेळ लागणारच, तुटलेल्या धाग्याची गाठ झटकन मारणं असल्या प्रश्नोत्तरांनी येणार नाही. पण कुठं बघायचं, काय आधी तपासायचं हा भाग लवकर शिकवता येतो, आणि त्यासाठी मोबाईलचं रेकॉर्डिंग पुरतं. फक्त एक करा, सोलापूरच्या पूर्व भागातले कितीतरी जॉबर घरी तेलुगू बोलतात, त्यांची मुलाखत तेलुगूतच घ्या आणि मराठी नंतर करा, कारण असल्या बारीक खुणा माणूस स्वतःच्या भाषेतच नीट सांगू शकतो.