लेझर, दूध आणि खडेबाजारातली गर्दी

"लेझर म्हंजे आरपारच की ओ!" म्हणत शेजारच्या काकांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. व्हिडिओत लाल दिव्यांचा एक पट्टा होता. कमरेला बांधला की पोटातल्या गाठी विरघळतात म्हणे. काका मूळचे निपाणीचे, उभा जन्म तंबाखूच्या वखारीत गेलेला. त्यांची कर्करोगाची धास्ती खरी आहे, पट्टा मात्र थाप आहे.

प्रकाशाने कर्करोगावर उपचार होतात, हे खरं. त्याला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. आधी प्रकाश शोषणारं औषध देतात, मग ठरावीक रंगाचा लेझर सोडतात. औषध ती ऊर्जा ऑक्सिजनला देतं आणि खवळलेला ऑक्सिजन जागच्या जागी पेशी मारतो. १९०० च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब या वैद्यकीय विद्यार्थ्याला दिसलं होतं की रंगद्रव्य आणि उजेड एकत्र आले की पॅरामेशियम हे एकपेशीय जीव मरतात. पण हा उजेड शरीरात जातो किती आत?

काचेच्या पेल्यात पाणी घ्या, त्यात लेझर पॉइंटरचा किरण सोडा (डोळ्यांत कुणाच्याही नको). दुधाचे दोन थेंब टाका, किरणाची रेषा दिसेल. आणखी दूध घाला, रेषा जाऊन नुसता चमकता गोळा उरेल. चोर्ला घाटात धुक्यात अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, तसंच हे. प्रकाश हरवला नाही, रस्ता चुकला. याला विकिरण म्हणतात.

आता खरी गंमत. सणाच्या आदल्या दिवशी बेळगावच्या खडेबाजारात शिरा. धक्के खाऊन तुम्ही नाहीसे होत नाही. नाहीसे होता ते एखाद्या दुकानात कुंदा घ्यायला वळलात तर. ते शोषण. पण गर्दी जितकी जास्त, तितके तुम्ही मागे-पुढे, आडवे-तिडवे फिरणार, आणि तितकी जास्त दुकानं वाटेत येणार! म्हणजे विकिरण स्वतः प्रकाश गिळत नाही, पण गिळणाऱ्याचं फावतं.

आकड्यांत बघू. लाल प्रकाशाचा कण मांसल ऊतीत साधारण ०.१ मिमी गेला की धक्का खातो. धक्के बहुतेक पुढच्याच दिशेचे, म्हणून आपली मूळ दिशा विसरायला त्याला सुमारे १ मिमी लागतो. शोषणाचा गुणांक मिमीमागे ०.०३ धरा, म्हणजे दर मिमीला सुमारे ३ टक्के प्रकाश गिळला जातो. नुसतं शोषण असतं तर ३३ मिमीवर ३७ टक्के प्रकाश उरला असता. विकिरण धरून सूत्र असं: ३ × ०.०३ × (०.०३ + १), त्याचं वर्गमूळ; यातला १ म्हणजे मिमीमागे एकदा दिशा विसरणं. उत्तर ०.३, म्हणजे तोच ३७ टक्क्यांचा टप्पा ३.३ मिमीवर. १ सेमी खाली जेमतेम ५ टक्के. ५ सेमी खाली एक कोटी कणांतले दोन-तीन. काकांच्या पट्ट्याचा हिशोब इथेच संपला.

लालच का? रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश भरपूर खातं, ६०० नॅनोमीटरच्या पुढे त्याची भूक एकदम कमी होते. बोटामागे टॉर्च धरा, लालच दिसेल.

हे मोजतात कसं? ऊतीच्या जागी दुधासारखा द्रव घेऊन त्यात बारीक प्रकाशतंतू (ऑप्टिकल फायबर) मिलिमीटर-मिलिमीटरने खाली सोडतात. तंतूचं टोक सपाट कापलेलं चालत नाही, ते फक्त समोरचंच बघतं आणि इथे उजेड चहूकडून येतो. म्हणून टोकाला पांढरा धुरकट मणी बसवतात. आमच्या गवळ्याचं दूध रोज वेगळं, त्यामुळे प्रयोगशाळेत इंट्रालिपिड वापरतात, म्हणजे रुग्णांना शिरेतून देतात ते दुधासारखं स्निग्ध द्रव. वाचनांचा लॉगॅरिदम काढून आलेख मांडला की सरळ रेषा येते, तिच्या उतारातून वरच्या ०.३ सारखा आकडा मिळतो. फक्त पृष्ठभागाजवळ ती बिघडते: तिथे आतून परतणारा प्रकाशही मिसळतो, आणि कातडीच्या किंचित खाली उजेड वरून टाकला त्याहून जास्त भरतो! मला पहिल्यांदा हे यंत्राची चूक वाटली होती.

म्हणून तोंडातल्या वरवरच्या गाठीवर लेझर बाहेरून चालतो, खोल गाठीत सुईतून तंतूच आत घालावा लागतो. तिथेही टोकाशी रक्त साचलं की, दुधात काळ्या शाईचा थेंब पडावा तसं, वाचन कोसळतं आणि पेशींना मिळणारा उजेडही.