दीड मीटर सोडा म्हणे, पण रस्ताच पावणेचार मीटरचा!

गावच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड फिरत होता. परदेशात सायकलवाल्याच्या दीड मीटरच्या आतून गाडी काढली की दंड बसतो, आपल्याकडे असा कायदा काऊन नाही, जास्तीत जास्त शेअर करा वगैरे. एरवी या ग्रुपवर विज्ञान म्हणजे तांब्याच्या भांड्यातलं पाणी आणि मोबाईलचे किरण, पण हा फॉरवर्ड चक्क खरा निघाला. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात एप्रिल २०१४ पासून असा नियम आहे, ६० पर्यंत स्पीड लिमिट असलेल्या रस्त्यावर १ मीटर आणि त्याच्या वर दीड. जर्मनीनं २०२० मध्ये वस्तीत दीड आणि वस्तीबाहेर २ मीटर केलं, ब्रिटननं २०२२ मध्ये दीड मीटर हायवे कोडमध्ये (तिथलं वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक) लिहिलं, आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिननं तर १९७३ मध्येच ३ फूट ठरवून टाकलं होतं.

अंगठे भरपूर पडले. पण या कायद्यानं सायकलवाले वाचले का, हे कोणी विचारलं नाही. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात साडेचार हजारांहून जास्त सायकलस्वार रस्त्यावर मेले, त्यामुळे प्रश्न फालतू नाही.

आधी आपला रस्ता मोजू. फाट्यावरून आत गावाकडे जाणारा सिंगल रस्ता घ्या, दारव्ह्याकडचा घ्या नाहीतर आर्वीकडचा, डांबर ३.७५ मीटर आणि काही ठिकाणी तर ३ मीटरच. ट्रकची रुंदी कायद्यानं जास्तीत जास्त २.६ मीटर. सायकलचं हँडल साधारण ०.६. दोन्ही मिळून झाले ३.२, उरले ५५ सेंटीमीटर, आणि या ५५ मध्येच सायकल आणि ट्रकमधली जागाही आली आणि सायकल आणि डांबराच्या कडेमधलीही. दीड मीटर आणायचं कुठून? बरं हे झालं नियमातल्या ट्रकचं. तुरीचं नाहीतर सोयाबीनचं कुटार भरलेली ट्रॉली आठवा, दोन्ही बाजूनं पाल फुगून बाहेर आलेली, तिची रुंदी किती हे चालवणाऱ्यालाच माहीत नसते. त्याला विचारलं तर म्हणते, "जागा हाय न भाऊ, निंघते आरामात." निंघतेही बहुतेक वेळा.

पण माझा खरा इंटरेस्ट आहे तो ट्रक बाजूनं जातो त्या अर्ध्या सेकंदात. आपल्याकडे लोक म्हणतात "ट्रकनं ओढून घेतलं". शिकलेले लोक यावर हसतात, आणि काही शिकलेले लोक छाती फुगवून "बर्नोली" म्हणतात (हवा जिथं जोरात पळते तिथं तिचा दाब कमी होतो, हा त्याचा नियम) आणि गप्प होतात. दोघंही अर्धेच बरोबर आहेत.

मनातल्या मनात ट्रकमध्ये बसा. ट्रक ८० नं चाललाय, म्हणजे ट्रकच्या दृष्टीनं उभी हवाच ८० नं अंगावर येते. आपल्याकडचे ट्रक समोरून भिंतीसारखे सपाट, त्यामुळे नाकासमोर हवा थांबते आणि दाबली जाते. हा जास्तीचा दाब किती, तर हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन. घनता १.२ धरा (मे महिन्यात ४५ डिग्रीला हवा जरा पातळ होते, १.१ च्या आसपास, पण फार फरक नाही), ८० किमी म्हणजे सेकंदाला २२ मीटर, उत्तर येतं जवळपास ३०० पास्कल. ही दाबलेली हवा मग बाजूंनी पळते, आणि कोपरा वळताना तिचा वेग ट्रकपेक्षाही जास्त होतो म्हणून तिथं दाब बाहेरच्यापेक्षा कमी पडतो. ट्रकच्या शेपटामागं पुन्हा वेगळंच, तिथली हवा आत येऊन घुसळत ट्रकच्या मागं धावते.

आता ट्रकमधून उतरा आणि सायकलवर बसा. ट्रक तुमच्या उजवीकडून येतोय. आधी नाकासमोरची दाबलेली हवा येते आणि तुम्हाला डावीकडे, बाहेर ढकलते, लगेच कमी दाबाचा पट्टा येतो आणि उजवीकडे, म्हणजे ट्रककडे, ओढ लागते. हँडलच्या उजव्या टोकाला ओढणीची चिंधी बांधून पाहा, आधी ती बाहेर फेकल्यासारखी होते आणि शेपूट जाता जाता वळून ट्रकच्या मागोमाग पुढच्या दिशेनं ओढली जाते. म्हणजे ओढतो हे खरं, पण ओढायच्या आधी ढकलतो ते कोणी सांगत नाही.

जोर किती असतो? ट्रकपासून मीटरभर अंतरावर ३०० पैकी पाचवा हिस्सा पोचला असं ढोबळ धरू, म्हणजे ६० पास्कल, आणि माणूस अधिक सायकल बाजूनं बघितली तर क्षेत्रफळ धरू ०.६ चौरस मीटर. जोर झाला ३६ न्यूटन, साडेतीन किलो वजनाएवढा. आठवीतली पोरगी आणि सायकल मिळून ६५ किलो धरलं आणि हा जोर पाव सेकंद लागला तर ती किती सरकेल? दोन सेंटीमीटरही नाही! मी पहिल्यांदा हा हिशोब केला तेव्हा वाटलं मग घाबरायचं काय आहे, दोन सेंटीमीटर तर सायकल अशीही हलते.

खरी गंमत इथून पुढं आहे. सायकल ही तळहातावर उभ्या धरलेल्या काठीसारखी असते, काठी डावीकडे झुकली की हात डावीकडेच न्यावा लागतो, म्हणजे ज्या बाजूला पडतोय त्याच बाजूला चाक वळवून ते स्वतःच्या खाली आणायचं, हेच सायकल चालवणं. आपण हे न कळता करतो, विचारलं तर सांगता येत नाही. आणि उजवीकडे जायचं असेल तर चाक आधी क्षणभर डावीकडे वळवावं लागतं, अंग उजवीकडे कललं की मग सायकल उजवीकडे जाते. विश्वास नसेल तर रिकाम्या मैदानात एका हाताच्या तळव्यानं हँडलचं उजवं टोक हळूच पुढं ढकलून पाहा. (चाकं फिरतात म्हणून भोवऱ्यासारखी सायकल उभी राहते हे जे आपण शाळेत ऐकलं ते पूर्ण खरं नाही. २०११ मध्ये काही संशोधकांनी चाकांचा भोवरा-परिणाम उलट्या फिरणाऱ्या चाकांनी मारून टाकलेली सायकल बनवली, तरी ती ढकलून सोडली की स्वतःच तोल सांभाळत गेली.)

आता हे ट्रकला जोडा. पहिला धक्का डावीकडे, तर चाकही डावीकडे वळवावं लागतं, म्हणजे डांबराच्या कडेकडे. किंवा अनुभवी पोरगी असेल तर ती ढकललं जाणार हे ओळखून आधीच अंग उजवीकडे रेलून ठेवते. आणि नेमकं तेव्हाच जोर उलटतो. रेललेली उजवीकडे, ओढही उजवीकडे, आता सावरायला चाक उजवीकडे वळवायचं म्हणजे ट्रकच्या मागच्या चाकांकडे. "ओढून घेतलं" यातलं थोडंसं काम हवेचं आणि बाकीचं सायकलवाल्याच्या स्वतःच्या सावरण्याचं असतं. मीटरभर उंचीवरचं वजन पडायला लागलं की त्याचा झुकाव दर ०.३ सेकंदाला साधारण पावणेतीन पट होत जातो (उंची भागिले गुरुत्वत्वरण, त्याचं वर्गमूळ, इथं ज्यांचं डोकं फिरलं त्यांनी हा कंस सोडून द्यावा), आणि १० मीटर लांबीचा ८० नं जाणारा ट्रक १५ नं चाललेल्या सायकलला ओलांडतो साधारण अर्ध्या सेकंदात. म्हणजे ढकलणं, उलटणं, ओढणं हे सगळं तुम्ही एकदा सावरायच्या आत उरकलेलं असतं.

आता तोच ट्रक ४० नं जाऊ द्या. दाब वेगाच्या वर्गानं, त्यामुळे जोर निम्मा नाही, चौथा हिस्सा, किलोभरही नाही. आणि ओलांडायला लागतात जवळपास दीड सेकंद, तेवढ्यात माणूस आरामात सावरतो. अंतर तेच ठेवून नुसता वेग अर्धा केला तर जोरही पडला आणि वेळही वाढला. दीड मीटरच्या फॉरवर्डमध्ये वेगाबद्दल एक शब्द नव्हता.

आणि कड. आपल्याकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगा पडतात, हे शेतात सगळ्यांना माहीत आहे. रस्त्याखालीही तीच माती असते. मधोमध डांबराचं झाकण असल्यानं खालची ओल फारशी बदलत नाही, पण कडेला दर वर्षी फुगणं-आकसणं चालू, म्हणून डांबर आधी कडेनं फाटतं. साइडपट्टीचा मुरूम पावसात वाहून जातो आणि मग वीतभर खोल कड तयार होते. सायकल त्या कडेखाली उतरली की चाक डांबराच्या भिंतीला घासत चालतं आणि उजवीकडे वळतच नाही. वर सांगितलं ना, उजवीकडे पडत असलो तर उजवीकडेच वळवावं लागतं? तेच बंद झालं. म्हणून कडेखाली उतरलेला माणूस शेतात पडत नाही, तो रस्त्यावर पडतो.

अशा एखाद्या वळणावर दोन-तीन जण गेले की लोक म्हणतात जागा खाते. दगडाला शेंदूर लागतो, ट्रकवाले नारळ फोडतात, बंपरला लिंबू-मिरची असतेच. शेंदूर लावणारा त्याच वीतभर कडेवर पाय ठेवून उभा असतो पण कड त्याला दिसत नाही. कोणी मुरमाची एक ट्रॉली आणून टाकली तर त्या जागेची भूक बऱ्यापैकी मिटेल असं माझं मत आहे.

मग कायद्यानं काय होतं? मोजलेलं बघू. इंग्लंडमध्ये इयान वॉकर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं सायकलला अल्ट्रासोनिक सेन्सर लावून स्वतः फिरून दोन हजारांवर ओव्हरटेक मोजले, २००७ मध्ये ते छापून आलं. या प्रयोगात त्याला एकदा बसनं आणि एकदा ट्रकनं धडक दिली, विज्ञानासाठी लोक काय काय करतात. हेल्मेट घातलं की गाड्या सरासरी साडेआठ सेंटीमीटर जवळून गेल्या असं त्याला दिसलं, आणि लांब केसांचा विग घालून बाई असल्यासारखं चालवलं तर जास्त जागा सोडली. यावरून "हेल्मेट घालू नका" अशी बातमी फिरते ती मात्र मूर्खपणाची, नंतर दुसऱ्यांनी तेच आकडे तपासून या निष्कर्षावर बरीच शंका घेतली आहे.

मेलबर्नमध्ये २०१९ साली आलेला अभ्यास मोठा, १८ हजारांवर ओव्हरटेक. १७ मध्ये १ गाडी मीटरच्या आतून गेलेली. आणि जिथं सायकलसाठी नुसता पांढरा पट्टा मारलाय तिथं गाड्या आणखी जवळून गेल्या, ड्रायव्हर पट्ट्याला धरून चालवतो आणि सायकलकडे बघणं सोडतो म्हणून असावं. अमेरिकेत ३ फुटांचा कायदा असलेल्या आणि नसलेल्या राज्यांतले मृत्यू ताडून बघितले तेव्हा कायद्यामुळे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. मला हे पटतं. जो ड्रायव्हर मागून येऊन थेट ठोकतो त्यानं सायकल पाहिलीच नसते, त्याला दीड मीटर काय आणि दोन काय. आणि रस्त्यावर टेप घेऊन उभं कोण राहणार? इंग्लंडच्या वेस्ट मिडलँड्समध्ये पोलिसांनी २०१६ पासून साध्या कपड्यात स्वतः सायकलवर बसून जवळून जाणाऱ्यांना पुढं अडवायला सुरुवात केली, ते मला कागदावरच्या मीटरपेक्षा कामाचं वाटतं. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्यात धोकादायक ड्रायव्हिंगचं कलम १८४ आहेच, त्यात २०१९ पासून चुकीचं ओव्हरटेक स्पष्ट लिहिलंय, १ ते ५ हजार दंड नाहीतर जेल. तुमच्या फाट्यावर कोणाला लागलेलं ऐकलं का?

कायदा नको असं मी म्हणत नाही. नागपूर-हिंगणघाट हायवेसारख्या रुंद रस्त्यावर दीड मीटर मागा, तिथं जागा आहे. पण मानव विकास या सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकली घेऊन पोरी ज्या रस्त्यानं शाळेत जातात तो सिंगल रस्ता. तिथं दीड मीटरचा अर्थ एकच, समोरून कोणी नाही ना बघून, हळू होऊन, गरज पडली तर ट्रकनं आपलं चाक साइडपट्टीवर उतरवून जायचं, सायकलनं नाही. तिथं आकडा लिहायचाच तर वेगाचा लिहा: सायकल दिसली की ३०. ३० ला तो हवेचा दाब ८० च्या सातव्या हिस्स्यावर येतो. आणि कापसाच्या गाड्या सुरू व्हायच्या आधी, पावसाळा संपल्या संपल्या, साइडपट्टी मुरमानं डांबराच्या लेव्हलला आणा.

यावर गाडीवाल्यांचं म्हणणं असतं की असं हळू हळू गेलो तर खेपा कमी होतात. ६० चा ३० करायचा, ओलांडायचं, पुन्हा ६० धरायचा, याचा हिशोब मी करून पाहिला, नुकसान होतं साधारण आठ-दहा सेकंदांचं. पोरी घोळक्यानं जातात, त्यामुळे तेही एका घोळक्यामागं एकदाच.